मँगनीजच्या खाणीपासून लिथियमच्या चार्जरपर्यंत : भंडारा जिल्हा आणि सायकलच्या दिव्याचा इतिहास

भंडारा जिल्ह्याची ओळख सामान्यतः तलावांचा, धानाचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा अशी करून दिली जाते. परंतु जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या गावांच्या परिसरात जी मँगनीजची खनिजे सापडतात, त्यांच्यामुळे या जिल्ह्याचा संबंध रात्रीच्या प्रकाशाशीही जोडला गेला आहे. चिखल्याची खाण भूमिगत असून डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, म्हणजे तेथे वरचा मुरूम आणि खडक काढून टाकून थेट आकाशाखाली खनिज खणले जाते. डोंगरी बुजुर्गच्या खनिजाचे वैशिष्ट्य असे की त्याचा काही भाग मँगनीज डायऑक्साइडने, म्हणजे मँगनीज आणि प्राणवायू यांच्या काळ्या संयुगाने, इतका समृद्ध असतो की तो पोलाद कारखान्याऐवजी विजेरीच्या सेलच्या कारखान्याकडे पाठवता येतो. सायकलच्या दिव्याचा इतिहास भंडाऱ्याच्या संदर्भात पाहू लागल्यास त्याचा एक धागा या काळ्या भुकटीपर्यंत जातो, आणि दुसरा धागा आजच्या घराघरांतील चार्जरपर्यंत येतो. या दोन टोकांमधील सव्वाशे वर्षांत दिवा सुधारत गेला, त्याचबरोबर त्यातील धोका सांभाळण्याची जबाबदारीही एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेली, आणि आज ती बहुतांशी दिवा विकत घेणाऱ्यावर येऊन पडली आहे.

मध्यप्रांतातील मँगनीजचे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ या ब्रिटिश संस्थेने नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात खनिजाचा शोध घेतला, आणि पुढे तिचे नाव ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ असे झाले. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग १८८०च्या दशकात तयार झाला होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि तुमसर रोडपासून तिरोडीकडे निघालेल्या शाखेमुळे खाणीच्या तोंडापासून बंदरापर्यंत माल नेणे शक्य झाले. १९०५ च्या सुमारास रशियातील अशांततेमुळे कॉकेशसमधून होणारा पुरवठा विस्कळीत झाला, भाव चढले आणि भारतीय खनिजाची मागणी झपाट्याने वाढली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील मँगनीजविषयक बृहद्ग्रंथात या पट्ट्याचे बारकाईने वर्णन आले असून, येथील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला त्यांनी गोंड समाजाच्या नावावरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. या काळात बाहेर जाणारे बहुतेक खनिज पोलाद बनवण्यासाठी होते, कारण पोलादातील गंधक व प्राणवायू यांचा दुष्परिणाम घालवण्यास आणि त्याला चिवटपणा देण्यास मँगनीज लागते. स्वातंत्र्योत्तर काळात, १९६२ मध्ये, केंद्र सरकार, मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही राज्ये आणि जुनी ब्रिटिश कंपनी यांच्या भागीदारीतून ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’, म्हणजेच ‘मॉइल’, ही कंपनी उभी राहिली, आणि १९७७ मध्ये परकीय भागभांडवल पूर्णपणे काढून घेतले गेल्यावर ती सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी झाली.

या खनिजाचा प्रकाशाशी असलेला संबंध समजण्यासाठी सेलची रचना पाहणे आवश्यक आहे. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जो विद्युतघट तयार केला, त्यात जस्त हे एक टोक आणि मँगनीज डायऑक्साइडमध्ये रोवलेली कोळशाची कांडी हे दुसरे टोक होते, व या दोहोंमध्ये नवसागराचे द्रावण होते. वीज वाहू लागली की जस्त हळूहळू झिजते आणि दुसऱ्या टोकाशी हायड्रोजन जमून प्रवाह अडवू पाहतो. मँगनीज डायऑक्साइड स्वतः त्या प्रक्रियेत भाग घेऊन हा अडथळा होऊ देत नाही. द्रव हिंदकळणारा असा घट सायकलीवर बांधता येणे अशक्य होते. १८८६ मध्ये जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी द्रावणाऐवजी घट्ट लगदा वापरून आणि जस्ताचेच भांडे करून ‘शुष्क घट’ बनवला, तेव्हा दीड व्होल्टचा तो बंदिस्त डबा खिशात किंवा हँडलवर वागवता येऊ लागला. बाजारात ज्याला सर्वजण ‘सेल’ म्हणतात तो हाच. त्याच्या पोटातील काळ्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण मोठे असते आणि लोह, तांबे यांसारख्या अशुद्धी अतिशय कमी असाव्या लागतात, कारण त्या असल्या तर सेल वापरात नसतानाही आतल्या आत उतरत राहतो. डोंगरी बुजुर्गच्या निवडक खनिजाला सेल-उद्योगात जे स्थान मिळाले, ते या कारणामुळे.

तथापि सायकलच्या दिव्याचा आरंभ सेलपासून झाला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सायकल ही सरकारी नोकर, वकील आणि व्यापारी यांच्यापुरती मर्यादित चैनीची वस्तू असताना तिच्यावर तेलाचा लहान कंदील टांगला जाई, आणि त्यानंतर कार्बाइडचा दिवा आला. या दिव्याला दोन कप्पे असत. वरच्या कप्प्यातील पाणी एका लहान झडपेतून थेंबाथेंबाने खालच्या कप्प्यातील कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निर्माण होई आणि तो बारीक तोटीतून बाहेर पडून पांढऱ्या शुभ्र ज्योतीने जळे. प्रकाश चांगला असला तरी तोटी वारंवार बुजे, उग्र वास येई, प्रत्येक फेरीनंतर उरलेला चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागे, आणि ज्वालाग्राही वायू व उघडी ज्योत हँडलपाशी असल्याने सावधगिरीची पूर्ण जबाबदारी चालवणाऱ्यावरच राही. यानंतर आलेल्या डायनॅमोने ज्योतीचा प्रश्न मिटवला. टायरच्या कडेला घासून फिरणारी बाटलीच्या आकाराची ही लहान विद्युतजनित्रे सामान्यतः ६ व्होल्ट व ३ वॅटची असत, त्यांपैकी २.४ वॅट पुढच्या व ०.६ वॅट मागच्या दिव्याला मिळत. डायनॅमोला ना तेल लागे ना सेल. पण सायकल थांबली की दिवा विझे, चढावर मंद होई, आणि पावसाळ्यात ओल्या टायरवर त्याची चकती घसरे.

दिवा लावणे ही सोय होती तशीच ती कायदेशीर अपेक्षाही होती. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. या स्थित्यंतरानंतर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ येथे लागू झाला, ज्याच्या कलम ३३ अन्वये रस्त्यावरील वाहनांना किती दिवे असावेत, ते कोठे असावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत याविषयी नियम करण्याचा अधिकार प्रशासनाला मिळतो. सायकलवर नगरपालिकेचा बिल्ला नसणे, डबलसीट जाणे आणि रात्री दिवा नसणे या तीन गोष्टींबद्दल पोलीस शिपायाने अडवणे हा महाराष्ट्रातील एका पूर्ण पिढीच्या अनुभवाचा भाग आहे. खेड्यात मात्र दंडापेक्षा गरज अधिक बोलकी होती. धानाच्या बांधीत रात्री पाणी सोडायला जाणारा शेतकरी, तुमसरच्या बाजारातून उशिरा परतणारा दुकानदार, आणि खाणीतील पाळी संपवून घरी निघालेला कामगार यांना खड्डा, साप किंवा रस्त्यात बसलेले जनावर वेळीच दिसणे आवश्यक होते, आणि त्यासाठी दोन सेलची विजेरी सुतळीने हँडलला बांधणे हा सर्वांत सोपा मार्ग होता.

भारतात सेलनिर्मिती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात रुजली. ‘एव्हरेडी’ची भारतीय कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर इतरही उत्पादक उतरले. साध्या जस्त-कार्बन सेलचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा सौम्यपणा. तो चुकून उलटा बसला तरी दिवा पेटत नाही एवढेच होते. दोन टोके एकमेकांना लागली तरी तो गरम होतो, पण भडकत नाही. त्याचा दोष असा की त्याचे जस्ताचे भांडेच इंधन असल्याने ते झिजत जाऊन अखेर फुटते, आतील लगदा बाहेर येतो आणि विजेरीची स्प्रिंग हिरवट-पांढऱ्या थराने खाल्ली जाते. पावसाळ्याचे चार महिने कपाटात पडून राहिलेल्या विजेरीचे झाकण उघडताना हा अनुभव अनेक घरांना आलेला आहे. १९५०च्या दशकात कॅनडाचे ल्युइस उरी यांनी विकसित केलेल्या अल्कलाइन सेलने आयुष्य आणि ताकद दोन्ही वाढवले. मात्र त्यासाठी खाणीतून आलेल्या नैसर्गिक खनिजापेक्षा अधिक शुद्ध मँगनीज डायऑक्साइड लागू लागला. तो बनवण्यासाठी खनिज भाजून, गंधकाम्लात विरघळवून, अशुद्धी काढून टाकून त्या द्रावणातून वीज सोडतात. तेव्हा धन टोकावर शुद्ध डायऑक्साइडचा थर साचतो, जो खरवडून, धुऊन व दळून घेतात. यालाच विद्युतविश्लेषी मँगनीज डायऑक्साइड म्हणतात. मॉइलने १९९१ मध्ये देशी तंत्रज्ञानावर आधारलेला असा कारखाना डोंगरी बुजुर्ग येथेच सुरू केला. अशा रीतीने या तालुक्यातून केवळ कच्चे खनिज न जाता सेलमध्ये थेट भरता येईल असा पक्का माल बाहेर पडू लागला.

सेल वापरणाऱ्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असला, तरी धोका मुळातून नाहीसा झाला नव्हता. तो मागे, दळणाऱ्याच्या आणि खणणाऱ्याच्या श्वासात राहिला होता. मँगनीजची बारीक धूळ दीर्घकाळ फुप्फुसात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन चाल अडखळते आणि चेहरा भावहीन होतो, हे स्कॉटलंडमधील कूपर यांनी मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांच्या निरीक्षणावरून १८३७ मध्येच नोंदवले होते. खाणीत पाणी मारून धूळ दाबणे, मुखपट्टी आणि नियतकालिक तपासणी या उपायांचे महत्त्व त्यातूनच आले. म्हणजे एका काळात सायकलस्वाराची निश्चिंती ही खाण आणि कारखाना यांनी पेललेल्या जोखमीवर उभी होती.

पुन्हा भरता येणाऱ्या, म्हणजे चार्ज होणाऱ्या बॅटरीने हा हिशेब बदलला. या बॅटरीची कल्पना जुनीच होती. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची, तर वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल आणि कॅडमियम यांची पुनर्भारणक्षम बॅटरी बनवली होती. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मात्र तिचा सार्वत्रिक प्रवेश एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील भारनियमनाच्या काळात झाला, जेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे अनेक तास वीज नसे, आणि पांढरा प्रकाश देणारे एलईडी स्वस्त झाल्याने ‘चार्जिंगची बॅटरी’ प्रत्येक आठवडी बाजारात मिळू लागली. तिच्या पाठीमागून दोन पिनांचा प्लग सरकवून बाहेर काढता येई आणि ती थेट भिंतीतल्या सॉकेटला लावता येई. आत बहुधा ४ व्होल्टची बंद शिसे-आम्ल बॅटरी असे आणि २३० व्होल्टचा दाब कमी करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरऐवजी एक लहान कपॅसिटर बसवलेला असे. ही रचना स्वस्त पडते, परंतु घरातील विजेपासून तिचा आतील भाग वेगळा केलेला नसतो. त्यामुळे चार्जिंग चालू असताना फुटलेल्या प्लास्टिकमधून धातूला हात लागला तर पूर्ण दाबाचा धक्का बसू शकतो. तिच्यावरील लाल बारीक दिवा वीज येत असल्याचे सांगे, बॅटरी भरल्याचे नव्हे. म्हणून रात्रभर लावून ठेवलेली बॅटरी आटून फुगे आणि काही महिन्यांत निकामी होई. चार्जर हा दिव्याइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा भाग आहे, हा धडा याच स्वस्त विजेरीने दिला.

१९९० च्या सुमारास बाजारात आलेल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलने कॅडमियमसारखा विषारी धातू टाळला आणि नेहमीच्या सेलच्याच आकारात पुन्हा भरता येणारा पर्याय दिला. त्याचा दाब दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो, तरी सायकलच्या बहुतेक एलईडी दिव्यांना तो चालतो. २००५ नंतर आलेले कमी स्वयं-उताराचे सेल, म्हणजे पडून राहिले तरी फारसे उतरत नाहीत असे सेल, क्वचित वापरल्या जाणाऱ्या दिव्यासाठी विशेष योग्य ठरतात. हे सेल भरण्याची सुरक्षित रीत म्हणजे प्रत्येक सेलचा दाब स्वतंत्रपणे मोजून तो भरताच प्रवाह तोडणारा चार्जर वापरणे. साधा चार्जर असल्यास २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलला २०० मिलिअँपिअरने चौदा ते सोळा तास लागतात आणि वेळ पाहून तो काढावा लागतो. जस्त-कार्बन किंवा अल्कलाइन सेल या चार्जरमध्ये कधीही घालू नये, कारण आत निर्माण झालेल्या वायूला वाट न मिळाल्याने तो गळतो किंवा फुटतो.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी या मालिकेतील सर्वांत हलकी, सर्वांत समर्थ आणि सर्वांत कमी क्षमाशील ठरली. तिच्या एका प्रकारात मँगनीजही आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मायकेल थॅकरे आणि जॉन गुडइनफ यांनी लिथियम व मँगनीज यांच्या ऑक्साइडचा विद्युदग्र म्हणून उपयोग दाखवून दिला, आणि विद्युतविश्लेषी मँगनीज डायऑक्साइड हा अशा पदार्थाचा कच्चा माल होऊ शकतो. सायकलच्या प्रखर दिव्यांत १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून ‘१८६५०’ नावाने ओळखला जाणारा गोल सेल किंवा मऊ पाकिटातील चपटा सेल असतो. त्याचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असून सामान्य प्रकारात तो ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. योग्य चार्जर प्रथम ठराविक प्रवाहाने सेल भरतो, दाब ४.२ व्होल्टवर पोहोचताच तो तेथेच धरून प्रवाह कमी करत नेतो आणि शेवटी पुरवठा बंद करतो. ही मर्यादा ओलांडली, सेल चेपला किंवा त्याची टोके जुळली, तर आतील उष्णता स्वतःच अधिक उष्णता निर्माण करू लागते आणि ज्वलनशील द्रव पेट घेतो. सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरू नये असे उत्पादक सामान्यतः सांगतात. भंडाऱ्यात मे महिन्यात सावलीतील पाराच त्या आकड्याच्या आसपास जातो, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या सायकलीवरून काढलेला दिवा थंड होऊ दिल्याशिवाय चार्जिंगला लावणे धोक्याचे आहे. गादीवर, उशीखाली किंवा तणसाच्या ढिगाजवळ चार्जिंग करणे टाळून फरशी किंवा दगडी ओटा निवडणेही त्याच कारणासाठी इष्ट ठरते.

फसवणुकीचे प्रकारही या सेलबरोबर आले. १८६५० आकाराच्या सेलची खरी क्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला आढळला तर तो खोटा मानावा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा असतो, आणि हातात घेताच पोकळ वाटणारा हलका सेल संशयास्पद असतो. त्याहून घातक गोंधळ आकाराचा आहे. ‘१४५००’ नावाचा लिथियम सेल पेन्सिल सेलएवढाच असतो, पण त्याचा दाब अडीचपट आहे. तो दीड व्होल्टच्या दिव्यात घातल्यास दिवा जळतो, आणि निकेलच्या चार्जरमध्ये घातल्यास सेलच पेटू शकतो. लिथियम-लोह-फॉस्फेट हा तुलनेने शांत स्वभावाचा प्रकार ३.६५ व्होल्टवर भरतो, म्हणून त्याला ४.२ व्होल्टचा चार्जर चालत नाही. नियमनाच्या बाजूने पाहता, केंद्र सरकारच्या २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाच्या चौकटीत पुढे अशा बॅटऱ्या आणि ॲडाप्टर आले, आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे भारतीय मानक ब्यूरोचे मानक लागू झाले. मानकचिन्हासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहणे हा ग्राहकाच्या हातातील सर्वांत सोपा पडताळा आहे. २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे, त्यामुळे फुगलेला सेल घरच्या कचऱ्यात किंवा चुलीत टाकण्याला आता कसलेही समर्थन उरत नाही.

या सर्व स्थित्यंतरांतून निघणारा निष्कर्ष असा की सायकलच्या दिव्यासाठी कोणता सेल सर्वोत्तम, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, पण कोणती जोडी सुरक्षित, याला आहे. महिन्यातून एकदोनदाच रात्री बाहेर पडणाऱ्याला अल्कलाइन किंवा कमी उताराचा निकेल सेल पुरेसा आहे. रोज अंधारात दूरवर जाणाऱ्याला लिथियमचा दिवा सोयीचा आहे, मात्र तो नोंदणीकृत, अंतर्गत संरक्षक मंडल असलेला आणि त्याच प्रकारच्या सेलसाठी बनवलेल्या चार्जरसह घेतलेला असावा. कार्बाइडच्या काळी दक्षता स्वाराची होती, शुष्क सेलच्या काळी ती खाणीने आणि कारखान्याने वाहिली, आणि चार्जरच्या काळात ती पुन्हा घरात आली आहे. म्हणून तुमसर, साकोली किंवा भंडारा येथील दुकानात दिवा घेताना किती दूरवर उजेड पडतो याबरोबरच तो कशाने आणि किती व्होल्टवर भरतो हे विचारावे, आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर तो दिवा घेऊ नये.